ओट्याविरुद्धचा अर्ज

"बाई, डेक असा रकानाच नाहीये आमच्याकडे," अस्मिता लोखंडे म्हणाली आणि तिने छापील फॉर्म माझ्याकडे वळवून धरला. "हे बघा. नवीन घर, वाढीव खोली, जिना, कंपाउंड, शेड, विहीर, इतर."

"मग इतरमध्ये घाल."

"घालते. पण आधी मला सांगा, डेक म्हणजे नक्की काय असतं?"

"ओटा. घराबाहेर काढलेला लाकडी ओटा. खाली लोखंडी खांब, वर फळ्या, कडेनं कठडा. त्यावर खुर्च्या टाकून चहा पितात. पुण्याकडे त्याला डेक म्हणतात."

"तुम्हाला बांधायचाय का?"

"नाही. मला पाडायचाय."

अस्मिताने पेनाचं टोपण लावलं. ही माझी विद्यार्थिनी. दहावीला गणितात काठावर पास झाली होती, आणि काठही मीच जरा तिच्याकडे सरकवला होता. आता ती नगरपालिकेच्या बांधकाम विभागात टेबलाच्या त्या बाजूला होती आणि मी या बाजूला वही उघडून बसले होते. दोन हजार तेराचा मे महिना होता. डोक्यावरचा पंखा नुसता आवाज करत होता.

"कुणाचा आहे?" तिने आवाज उतरवून विचारलं.

"शिक्षक कॉलनी, प्लॉट नंबर बारा. इंगवले सर."

"आपले नागरिकशास्त्राचे?"

"तेच. नागरिकांची कर्तव्यं तोंडपाठ असलेले."

अस्मिता हसली. मी हसले नाही. मी नऊ वर्षं या माणसाकडे बघून हसले नव्हते.

त्याचं कारण सांगते. आमच्या शाळेत माझे यजमान पी. टी. शिकवायचे. दिनकर शेवाळे. मी त्यांना घरातसुद्धा सरच म्हणायची. सहा फूट उंच, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की मैदानावरून हाक मारली तर बाजारपेठेतली पोरं सायकलवरून खाली उतरायची. दोन हजार तीनच्या डिसेंबरात एका सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच खाली बसले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एवढ्या मोठ्या आवाजातून एकच शब्द शिल्लक राहिला, 'नको.' औषध दिलं की नको, अंघोळ म्हटलं की नको, जेवण नको, डॉक्टर नको. पहिल्या महिन्यात मी त्या नकोला घाबरायची. पुढे मी ते ऐकणं सोडून दिलं, नाहीतर त्या माणसाला उपाशी ठेवावं लागलं असतं.

घराला चार पायऱ्या होत्या. चाकाची खुर्ची खाली उतरायची नाही. माणूस दिवसभर हॉलमध्ये भिंतीकडे बघत बसायचा. मग मी सुताराला बोलावलं आणि पाडव्याच्या मुहूर्तावर दारासमोर लाकडी ओटा घालून घेतला. दाराच्या उंबऱ्याच्या पातळीत, थेट रस्त्याच्या कुंपणापर्यंत. खुर्ची हॉलमधून सरळ बाहेर. तेव्हा त्याला डेक म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं आणि त्याला परवानगी लागते हेही नव्हतं. रोज पाच वाजले की मी सरांना स्वच्छ सदरा घालून, भांग पाडून बाहेर आणायची. आणि काय सांगू, सगळं गाव लोटायचं. जुने विद्यार्थी गाडी थांबवायचे, ओट्यावर यायचे, पाया पडायचे. माझा ऊर भरून यायचा.

तो ओटा त्रेपन्न दिवस टिकला.

सुतार काम करत होता तेव्हाच शेजारचे इंगवले सर कंपाउंडपाशी येऊन म्हणाले होते, "वहिनी, नगरपालिकेची परवानगी घेतलीत का?" मी म्हटलं, आजारी माणसाला हवा घ्यायला परवानगी कसली लागते? ते घरात निघून गेले. महिन्याभराने नोटीस आली. 'प्राप्त तक्रार अर्जास अनुसरून' अशी सुरुवात. तक्रार कोणाची ते लिहिलेलं नव्हतं. पण आमच्या शाळेच्या शिपायाने इंगवले सरांना हातात कागद घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्या चढताना पाहिलं होतं. मी तशीच उठून त्यांच्या दारात गेले आणि विचारलं, "तो अर्ज तुम्ही नेऊन दिलात?"

"हो," ते म्हणाले. बस, एवढंच. ना कारण, ना खंत.

आणि हा माणूस सरांचा मित्र होता. तीस वर्षं दोघांनी एका बाकावर बसून डबा खाल्लेला. नगरपालिकेची चार माणसं पहारी घेऊन आली आणि त्यांनी दोन तासांत ओटा उचकटला. मी रस्त्यात उभी राहून त्यांना नाही नाही ते बोलले, नळावरच्या भांडणातही कोणी बोलत नाही असलं. सर खिडकीत बसून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे दोन वर्षं ते त्या हॉलमध्येच राहिले आणि तिथेच गेले. इंगवले सर खांदा द्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही हात लावू नका." ते मागे सरकले आणि स्मशानापर्यंत सगळ्यांच्या शेवटी चालत गेले, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. मला बरं वाटलं.

तर त्याच इंगवल्यांनी नऊ वर्षांनी घराच्या कडेला डेक बांधला होता. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याची हौस. आजारपण नाही, पायऱ्यांची अडचण नाही, काही नाही. संध्याकाळी नवराबायको दोघं त्यावर बसून किल्ल्याच्या डोंगराकडे बघत चहा प्यायचे. कपबशांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मी पोळी तव्यावर तशीच करपू दिली.

"मला नियम सांग," मी अस्मिताला म्हटलं. "सगळे. वगळू नकोस."

तिने सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. जमिनीवर नुसती फरशी घातली तर कोणी विचारत नाही. खड्डे घेऊन खांब रोवले की ते बांधकाम झालं, मग वर लाकूड असो की सोनं. बांधकाम म्हटलं की परवानगी. परवानगीसाठी मालमत्ता पत्रक, घराच्या मंजूर नकाशाची प्रत, नोंदणीकृत इंजिनिअरने काढलेला नवा नकाशा, कॉलनीच्या सोसायटीचा ना हरकत दाखला. वर छप्पर घातलं तर प्रकरण आणखी वाढतं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सामासिक अंतर," ती म्हणाली. "घर आणि हद्द यांच्यामध्ये मोकळी ठेवायची जागा. तुमच्या कॉलनीच्या मंजूर नकाशात बाजूला पाच फूट आहे. त्यात काही उभं करता येत नाही. त्यांचा डेक हद्दीपासून किती लांब आहे?"

"मोजून सांगते."

"बाई, त्यांच्या आवारात जाऊ नका हं."

"मला शिकवू नकोस."

मापाचं मी असं केलं. आमच्या पेरूच्या झाडाला एक लांब आकडी आहे, बांबूची. तिच्यावर मी खडूने इंचाइंचाच्या खुणा केल्या. इंगवले नवराबायको पुण्याला गेले त्या दिवशी माझ्या आवारात स्टूल ठेवून त्यावर चढले आणि कंपाउंडच्या भिंतीवरून आकडी सरळ पलीकडे सरकवली. डेकच्या खांबाला टेकली तेव्हा भिंतीपाशी चार फूट एक इंच आलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेवढंच. पाच फुटांतून चार फूट एक इंच गेले, उरले अकरा इंच. अकरा इंचांनी माणूस माझ्या हातात आला होता. मी स्टुलावरून उतरले आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एकटीच टाळी वाजवली.

अर्ज मी नकाशासकट दिला, एक इंचाला चार फूट या प्रमाणात काढलेला. अस्मिताने तो बघितला आणि म्हणाली, "आमचे इंजिनिअरसुद्धा इतका स्वच्छ काढत नाहीत." मग जरा घुटमळली. "एक सांगू का? हे नियमित करून घेता येतं. अकरा इंच कापले, दंड भरला आणि बाजूवाल्याने ना हरकत दिली की मिळते परवानगी."

"बाजूवाली मी आहे."

"म्हणूनच सांगतेय."

"मी देणार नाही. तू नोटीस काढ."

नोटीस गेली. तिच्यात पंधरा दिवसांची मुदत होती. ज्या दिवशी ती गेली त्याच दिवशी मी आणखी एक काम केलं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की दोन हजार चार साली माझ्या ओट्याविरुद्ध आलेल्या तक्रार अर्जाची प्रत मिळावी. मला इंगवल्यांची सही बघायची होती. त्यांचा अर्ज आणि माझा अर्ज शेजारी शेजारी लावून भिंतीवर टांगायचे, असाच माझा विचार होता. हसू नका, मी खरंच चौकटवाल्याकडे जाऊन काचेचा भाव विचारून आले होते.

अकराव्या दिवशी फाटक वाजलं. इंगवले सर उभे होते. केस सगळे पांढरे झालेले, हातात कागद.

"वहिनी, एक सही हवी होती."

नऊ वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी फाटक उघडलं नाही. त्याच्यावर हात ठेवून उभी राहिले. या क्षणासाठी मी किती वाक्यं तयार केली होती. भांडी घासताना केली होती, पेपर तपासताना केली होती.

"कसली सही?"

"ना हरकत दाखल्यावर. खांब आत घेतो अकरा इंच. मुलानं हौसेनं केलंय. मोडलं तर त्याला वाईट वाटेल."

"वाईट वाटेल," मी म्हटलं. "असं असतं होय. हौसेनं केलेलं मोडलं की वाईट वाटतं. हे नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात आहे, सर?"

त्यांनी हातातला कागद फाटकावरून पुढे धरला.

"माझी सही हवी असेल तर आधी शेवाळे सरांची आणा. ते हो म्हणाले तर मी करते."

इंगवले सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलणार. ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि "बरं" म्हणून गेले. मी आत येऊन चहा केला आणि दुप्पट साखर घालून प्याले. इतका गोड चहा मला कित्येक वर्षांत लागला नव्हता.

पावसाने उघडीप दिली तशी ऑगस्टमध्ये माणसं आली. या वेळी पहारींबरोबर कटरही होता. मी माझ्या आवारात, कंपाउंडजवळ खुर्ची टाकून बसले, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन. एकेक फळी निघायची आणि मी एकेक शेंग फोडायची. इंगवले सर पायरीवर बसून होते. त्यांनी त्या माणसांना पाणी दिलं, एकाला हातमोजे आणून दिले. त्यांच्या बायकोने एकदा खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि पडदा ओढला. दुपारपर्यंत आठ खांब बुडापासून कापले गेले. फळ्या एका बाजूला रचून ठेवल्या. सगळं झाल्यावर मी घरात गेले, सरांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "झालं. फिटलं."

चार दिवसांनी अस्मिताचा फोन आला. "बाई, तुमची ती जुनी प्रत निघालीय. पण... नाही घेतली तर नाही का चालणार?"

"का?"

"मुदत होऊन गेलीच आहे. माहिती सापडली नाही असं मी लिहून देते."

"अस्मिता, मी येतेय."

ती टेबलापाशी नव्हती. फाइलींच्या खोलीत उभी होती. तिथेच तिने मला बाकावर बसवलं आणि लिफाफा हातात दिला. "तक्रारदाराचं नाव झाकून द्यायचा नियम आहे," ती म्हणाली. "मी झाकायला घेतलं होतं. पण नाव झाकलं तरी तुम्ही ओळखलंच असतं."

आत एकच कागद होता. दुरेघी वहीच्या पानाची झेरॉक्स. दोन दोन रेघांच्या मध्ये बसवलेली मोठी, वाकडी, एकमेकांना टेकू देणारी अक्षरं. ते अक्षर मीच शिकवलेलं होतं. सरांचा उजवा हात गेल्यावर जानेवारीत मी पहिलीच्या पोरांची वही आणली आणि त्यांच्याकडून रोज एक पान डाव्या हाताने गिरवून घेतलं, अ पासून. त्यांचा काना नेहमी खालच्या रेघेच्या बाहेर जायचा. इथेही गेला होता.

'मा. मुख्याधिकारी यांस. विषय : विनापरवाना ओटा काढून टाकणेबाबत. महोदय, शिक्षक कॉलनी, प्लॉट नं. ११ चे समोर लाकडी ओटा बांधला आहे. त्यास परवानगी घेतलेली नाही. तरी तो नियमाप्रमाणे लवकरात लवकर काढून टाकावा. अर्जदाराचे नाव घरातील मंडळींस कळवू नये, ही विनंती. आपला विश्वासू, दि. रा. शेवाळे, प्लॉट नं. ११. दिनांक २४ एप्रिल २००४.'

मी ते तीनदा वाचलं. गणितात उत्तर भलतंच आलं तर आपण आधी आपली बेरीज चुकली असं धरतो, तसं मी प्रत्येक शब्द पुन्हा तपासला. चूक नव्हती.

"पाणी आणू का, बाई?" अस्मिताने विचारलं.

"नको," मी म्हटलं आणि उठले.

घरी गेले नाही. रिक्षा सरळ बारा नंबरसमोर थांबवली. इंगवले सर आवारात, रचून ठेवलेल्या फळ्यांमधले खिळे काढत बसले होते. मला बघून त्यांनी पक्कड खाली ठेवली. मी झेरॉक्स त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावला, नुसत्या अक्षराकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"मिळाली म्हणजे तुम्हाला."

"हे तुम्ही लिहून घेतलंत त्यांच्याकडून?"

"नाही हो, वहिनी. लिहायला तीन दिवस लागले त्याला. तुम्ही शाळेत गेलात की लिहायचा, गादीखाली ठेवायचा. मी त्याला बघायला आलो तेव्हा हातात दिला. मी नाही म्हणालो. मी म्हटलं, मी वहिनींशी बोलतो. तर त्यानं माझा हात असा धरला की चार दिवस बोटं दुखत होती. एकच हात चालत होता, पण होता तो पी. टी.च्या मास्तरचा."

"पण का?"

ते फळ्यांच्या ढिगावर थोडे बाजूला सरकले. मी बसले नाही.

"अक्षय तृतीयेला कबड्डीची जुनी टीम आली होती, आठवतंय?" ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना पन्हं दिलंत. त्यातल्या एकानं खिशातनं रुमाल काढला आणि दिनकरच्या हनुवटीवरची लाळ पुसली. तुम्ही त्या पोराच्या पाठीवरनं हात फिरवलात. मी इथून बघत होतो. दिनकरचं तोंड मला दिसत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं. तुम्ही खुर्चीच्या मागे होता."

मला आठवलं. ती गोष्ट मी कित्येक जणांना सांगितली होती, विद्यार्थी असावेत तर असे म्हणून.

"मला सांगायचं की त्यांनी. लिहिता येत होतं ना."

"रोज सांगत होता. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आणि लिहून दिलं असतं तर तुमचं मन मोडलं असतं, असं त्याला वाटायचं. तुम्ही इतक्या हौसेनं त्याचा भांग पाडायचात. त्याचा हिशोब असा होता की सरकारची माणसं येतील, नियम दाखवतील, ओटा नेतील. कोणाचा कोणावर राग नाही. तिला नियम पटतो, ती गणिताची आहे, असं त्यानं मला पाटीवर लिहून दाखवलं."

"आणि मी रस्त्यात उभी राहून..."

"तुम्ही रस्त्यात ओरडलात त्या संध्याकाळी त्यानं खिडकीतनं मला परत पाटी दाखवली. 'ती रडली,' एवढंच लिहिलं. मग पुसलं."

शेवटी मी त्या फळ्यांवर टेकले. कटरने कापलेल्या लोखंडाचा वास अजून येत होता.

"तुम्ही मला नऊ वर्षं का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी तुम्हाला खांदासुद्धा देऊ दिला नाही."

"सांगणार होतो. तो गेला त्याच महिन्यात सांगणार होतो. मग बघितलं, तुम्ही सकाळी उठायचात, कंपाउंडपाशी येऊन माझ्या घराकडे बघायचात, दात आवळायचात आणि कामाला लागायचात. म्हटलं, राग काढून घेतला तर ही बाई उठायची नाही. राहू दे."

"आणि परवा? फाटकात? तेव्हा का नाही?"

इंगवले सरांनी पक्कड उचलली, एका खिळ्याला लावली.

"परवाची गोष्ट वेगळी. परवानगी मी घेतली नव्हतीच की. मुलाला म्हणत होतो, आधी नकाशा मंजूर करून घे, त्यानं ऐकलं नाही. तुमचं माप बरोबर होतं. मी नंतर टेपनं मोजलं, अकरा इंच."

त्यांनी खिळा ओढून काढला आणि डब्यात टाकला. मला त्या माणसाची माफी मागायची होती. तोंड उघडलं तर माफी बाहेर येईना. संताप येत होता तो सरांचा. नऊ वर्षं मी एका माणसाचा सूड घेत होते आणि माझा अपराधी माझ्याच हॉलमध्ये, मीच घातलेला हार घालून बसला होता.

घरी जाऊन मी ना हरकत दाखला लिहिला, दोन प्रतींत, आणि अंधार पडायच्या आत बारा नंबरला नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, पेपर तपासताना ऱ्हस्व-दीर्घ बघतात तसा शब्द न शब्द बघितला आणि कपाटात ठेवला. डेक त्यांनी पुन्हा काही बांधला नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले. आता या गोष्टीला बारा वर्षं झाली.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या पितृपक्षाचं. आम्हाला मुलगा नाही, मुलगी बेळगावला. भटजीबिटजी मी कधी बोलावले नाहीत. सरांच्या तिथीला त्यांच्या आवडीचा स्वयंपाक करायचा आणि फोटोसमोर पान वाढायचं, एवढंच मी करायची. त्या वर्षीही सगळं केलं. वडे, कढी, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. खिरीवर सरांचा फार जीव. आजारपणात एकट्या खिरीला त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं. पान मात्र वाढलं नाही. इंगवले सरांना जेवायला बोलावलं आणि त्यांच्यासाठी पाट मांडला.

ते आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. ताटाकडे बघितलं, मग फोटोकडे.

"दिनकरचं पान?"

"या वर्षी नाही."

"का?"

"माझ्याविरुद्ध नगरपालिकेत अर्ज करणाऱ्या माणसाला मी जेवायला घालत नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. भात निवत चालला.

"जेवा, सर."

"आधी त्याचं वाढा. मग जेवतो."

"तुम्ही कशाला त्यांची बाजू घेता? तुमचं काय कमी नुकसान केलं त्यांनी?"

"वाढा, वहिनी. मला भूक लागलीय."

मी हातातलं कढीचं भांडं खाली ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन केळीचं पान आणलं, फोटोसमोर मांडलं. भात वाढला, कढी वाढली, भाजी वाढली, दोन वडे ठेवले. पाणी फिरवलं आणि हात जोडले. इंगवले सरांनी पहिला घास घेतला.

खीर तेवढी सरांच्या पानावर घातली नाही. पातेलं पुसून सगळी इंगवले सरांना वाढली.